प्रवासातल्या फोटोंत मूड कसा आणायचा: प्रकाश आणि एडिटिंगबद्दल सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर बघायला येणारे आणि सोलापुरातून बाहेर फिरायला निघणारे, दोघंही फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. मोबाईलवाल्यांना आणि कॅमेरावाल्यांना दोघांनाही चालतील अशी. उदाहरणं बहुतेक आपल्या गावातली आणि जिल्ह्यातली आहेत, पण प्रकाश जैसलमेरला पण असाच वागतो आणि मनालीला पण, त्यामुळे कुठं पण वापरा.

मूड मूड म्हणतात ते नक्की असतं काय?

फोटोत काय आहे हे नीट कळायच्या आधीच जे आत काहीतरी वाटतं ना, ते. शांत वाटतं, उकडल्यासारखं वाटतं, गर्दी अंगावर आल्यासारखी वाटते. आणि हे येतं कुठून तर प्रकाश कुठल्या बाजूनं आलाय, तो कडक आहे का मऊ, त्याचा रंग काय आणि फोटोत अंधार किती ठेवलाय यातून. शेवटचं लोक हमखास विसरतात. सगळं उजळ दिसलंच पाहिजे, कोपरा न कोपरा दिसला पाहिजे असा हट्ट असतो, आणि आजकालचे फोन पण तसेच आहेत, चार-पाच फ्रेम एकत्र करून सावल्या उचलतात आणि आकाश दाबतात, म्हणजे माहिती सगळी दिसते पण मूड गायब. सावली काळी राहू द्या की. डोळ्याला तिथं काही दिसलं नाही म्हणून बिघडत नाही.

मग एडिटिंगनं मूड तयार करता येतो की नाही?

असलेला वर काढता येतो, नसलेला बाहेरून आणून चिकटवला की लगेच ओळखू येतो. या सगळ्या पानावर मला मुख्य काय सांगायचं असेल तर हेच, की एडिट करताना त्या जागेकडं जायचं, तिच्यापासून लांब नाही. सोलापूर पर्जन्यछायेत, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, जमीन काळी, हवा कोरडी, झाडाची सावली महाग. इथला फोटो हिरवागार ओलाचिंब कोकणासारखा करायचा किंवा थंड निळा युरोपसारखा करायचा आणि मग म्हणायचं आमच्या गावात फोटो चांगले येत नाहीत, याला काय अर्थ आहे? इथल्या उन्हाला स्वतःचा मूड आहे, लई जोरदार आहे, फक्त त्याला वाईट प्रकाश म्हणणं बंद करायला पाहिजे.

गोल्डन आवर सोलापुरात किती वाजता असतो?

पहिली गोष्ट, तो आवर बिवर नसतो. युरोपातल्या लोकांनी लिहिलेल्या टिप्समध्ये तासभर सोनेरी उजेड असतो कारण तिकडं सूर्य तिरका तिरका उतरतो. आपण साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर, इथं सूर्य जवळजवळ उभाच खाली जातो, त्यामुळे खरा सोनेरी उजेड मिळतो २५ ते ३० मिनिटं. त्यानंतर आकाश गडद निळं होतं ती वेळ, जिला ब्लू आवर म्हणतात, ती पण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. म्हणजे चहा पिऊन निवांत जाऊ म्हटलं की गेलं हातातून.

संक्रांतीच्या दिवसांत सूर्य सकाळी ७ च्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी ६:१० च्या आसपास मावळतो. जूनच्या शेवटी सकाळी ५:५० च्या पुढंमागं उगवतो आणि ७ वाजून गेल्यावर मावळतो. फ्रेम कुठून घ्यायची, समोर खांब येतो का, वायर येते का, हे अर्धा तास आधी जाऊन ठरवून ठेवा आणि मग फक्त उजेडाची वाट बघा.

रंग पिवळा-केशरी का होतो तेही सांगतो कारण त्यावरून अंदाज बांधता येतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट जास्त हवेतून येतो, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि लाल-पिवळा उरतो. एप्रिल-मे मध्ये धूळ खूप असली की सूर्य क्षितिजाच्या बराच वरती असतानाच मंद होऊन लालसर गोळा दिसायला लागतो, तेव्हा लवकर पोचा. पाऊस पडून हवा धुतली गेली की उलट, उजेड अगदी शेवटपर्यंत कडक राहतो पण रंग स्वच्छ येतात.

आम्ही दुपारीच पोचतो हो, ट्रेन किंवा बसच तशी असते. तेव्हा काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी एक समजून घ्या, भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सोलापूर ७६ च्या जवळ आहे, म्हणून इथं सूर्य बाराला नाही तर साडेबाराच्या सुमारास सगळ्यात वर येतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर, उभ्या खांबाची सावलीच पडत नाही, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. ऑगस्टच्या सुरुवातीला परत एकदा तसंच होतं, पण तेव्हा ढग असायची शक्यता जास्त.

अशा उन्हात माणसाचा फोटो काढला की डोळ्यांखाली काळे खड्डे येतात, नाकाची सावली ओठावर येते. एडिटिंगमध्ये शॅडो कितीही उचला, ते बरं दिसत नाही. माणसाला उंबऱ्यात आणा. दरवाजाच्या आत दोन पावलं, तोंड बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून परत फिरणारा उजेड चेहऱ्यावर येतो आणि पाठीमागं अंधार. याच्याइतका सुंदर पोर्ट्रेट लाईट पैसे देऊन पण मिळत नाही. जुन्या पेठांत, बाळीवेशीकडं, चौपाडात असे दरवाजे भरपूर आहेत.

आणि माणूस नसेल तर दुपारचं ऊन दुपारसारखंच दाखवा. भुईकोट किल्ल्याची तटबंदी, वर पांढरट आकाश, खाली सावलीची एकच काळी पट्टी आणि त्या पट्टीत बसलेलं कुत्रं किंवा टेकलेली सायकल. झटपट एडिट: कॉन्ट्रास्ट वाढवा, शॅडो उचलू नका, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) थोडं खाली, रंग किंचित पिवळ्याकडं. बघणाऱ्याला उकडलं पाहिजे! टेलिफोटो लेन्सनं (लांबचं जवळ आणणाऱ्या) लांबचं काढताय तर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि फोटो मऊ येतो, त्यावर शार्पनिंगचा उपाय नाही, जवळ जा.

सिद्धेश्वर तलावाचा संध्याकाळचा फोटो सगळेच काढतात, आमचा सपाट का येतो?

कारण बहुतेक जण सूर्य बुडाला की निघतात. मंदिर तलावाच्या मधोमध आहे, लाईट लागतात, आणि आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड साधारण सारखा होतो ती वेळ सूर्य मावळल्यावर १५-२० मिनिटांनी येते. त्याआधी दिवे दिसत नाहीत, त्यानंतर आकाश मरतं. मधली सात-आठ मिनिटं जी असतात तीच.

काढताना काय करायचं: फोन कठड्यावर टेकवा, सोलापुरात असाल तर घडी घातलेली चादर खाली घ्या, ती ट्रायपॉडपेक्षा बरी बसते आणि थरथर खाते. टायमर ३ सेकंद. स्क्रीनवर सगळ्यात उजळ दिव्यावर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढा, इतकं की दिवा पांढरा फटक न दिसता पिवळा दिसेल. फोटो काळपट दिसेल, दिसू द्या, रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेल्या कच्च्या फाईलमध्ये) काढला असेल तर काळपटातून वर काढता येतं, जळलेलं परत येत नाही.

आता एडिट, सावकाश सांगतो. आधी क्षितिज सरळ करा, पाण्याची रेघ वाकडी असली की बाकी कितीही करा, नजर तिथंच अडकते. मग व्हाईट बॅलन्स, म्हणजे फोटोचा पिवळा-निळा तोल. ऑटोवर दिवे आणि आकाश दोन्ही मधले काहीतरी होतात, मी साधारण ४२०० ते ४५०० केल्विनला आणतो, आकाश निळं राहतं आणि दिवे पिवळे. हायलाईट बरेच खाली, उणे ५०-६०. ब्लॅक थोडे खाली, म्हणजे काठावरची झाडं काळी होतात आणि फोटोला कड मिळते. नंतर आकाशाला वेगळा मास्क घ्या (म्हणजे तेवढाच भाग निवडा) आणि अर्धा स्टॉप, म्हणजे एक्सपोजर उणे ०.५, अंधार करा, मंदिराच्या भागावर गोल मास्क टाकून एक्सपोजर किंचित वर आणि रंग किंचित उबदार. पाण्यातल्या प्रतिबिंबाला हात लावताना जपून, ते मूळ वस्तूपेक्षा जरा अंधारंच असतं, तुम्ही ते उजळ केलंत की फोटो खोटा वाटायला लागतो, का वाटतोय ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही पण वाटतो. क्लॅरिटी (पोत ठळक करणारा स्लायडर) पाण्यावर अजिबात नको. आकाशात निळ्याचं सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, त्याऐवजी निळ्याचं ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) खाली घ्या, गडद होतं आणि भडक होत नाही.

एवढंच.

रॉ कशाला? जेपेग मध्ये पण एडिट होतंच की.

होतं, पण जेपेग मध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, आणि १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. भर उजेडातल्या साध्या फोटोला फरक पडत नाही. पण संध्याकाळचं आकाश, जिथं निळ्यातून केशरी हळूहळू होत जातं, तिथं जेपेग ओढलं की पट्टे पट्टे दिसतात. शिवाय व्हाईट बॅलन्स रॉ मध्ये नंतर हवा तो लावता येतो, जेपेग मध्ये तो आधीच शिजलेला असतो. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडमध्ये रॉ असतं, नसलं तर लाईटरूमच्या ॲपमधल्या कॅमेऱ्यानं डीएनजी (रॉचाच एक प्रकार) काढता येतं, अर्थात फोन सपोर्ट करत असेल तर. जागा खातं, म्हणून सगळ्याच फोटोंना नको, सकाळ-संध्याकाळ आणि आतल्या अंधाऱ्या जागांना पुरे.

केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, पण पिवळा प्रकाश तर कमी केल्विनचा असतो ना?

बरोबर पकडलंत. मेणबत्ती-समई १९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००-३०००, दुपारचं ऊन ५५००, ढगाळ ६५००, सावली ७०००-८०००. ॲपमधला आकडा म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअरला सांगताय की "तिथला प्रकाश इतक्या केल्विनचा होता". तुम्ही ७५०० सांगितलं की ते समजतं प्रकाश निळा होता, आणि भरपाई म्हणून पिवळा घालतं.

मूडसाठी याचा उपयोग असा, की पूर्ण भरपाई करायचीच नाही. समईच्या उजेडातला देव्हारा एकदम पांढराशुभ्र करून टाकला तर समई कुठं राहिली? तिथं २४००-२५०० वर थांबा, म्हणजे पिवळेपणा राहतो पण चेहरे हळदीसारखे होत नाहीत.

पूर्व भागात मागाचे कारखाने बघितले, आत फोटो काढले तर हिरवट आणि पट्टेपट्टे आले. असं का?

ट्यूबलाईटमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण शटर जोरात असलं की कळतं. १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. स्वस्त एलईडी पण असंच करतात. हिरवट झाक टिंटच्या स्लायडरनं जाते, किंचित गुलाबीकडं न्या, टेंपरेचरनं ती जात नाही आणि लोक तिथंच चुकतात, तापमान वर-खाली करत बसतात.

पण मला वाटतं मागाच्या शेडमध्ये ट्यूबचा उजेड मुख्य धरूच नये. छपराच्या पत्र्यांत मध्ये एखादा पारदर्शक पन्हळी पत्रा असतो किंवा एखादी वरची खिडकी, तिथून उन्हाचा तिरका झोत येतो आणि त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. झोताच्या समोरच्या बाजूला उभं राहा, म्हणजे उजेड तुमच्याकडं येतोय असं, तर ते तंतू चमकतात. झोताच्या पाठीमागून काढलं तर एक पण दिसत नाही. मागावरचा माणूस त्या झोताच्या कडेला आला, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर तंतूंची पांढरी लव दिसली, की दाबा. १/५० ला हात हलतात, धोटा (मागावर आडवं सूत नेणारा) तर दिसतच नाही, माणूस स्थिर आणि माग धूसर असा फोटो येतो आणि तोच तिथला खरा अनुभव आहे कारण आत आवाजानं काही ऐकूच येत नाही. एडिटमध्ये डीहेझ चुकून पण वाढवू नका, ते धूळ पुसायचं हत्यार आहे आणि इथं धूळच हवीये. उलट झोतावर मास्क टाकून डीहेझ उणे १० करा, झोत भरतो.

मालकाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही, आणि कामगाराला वेगळं विचारायचं. मालक हो म्हणाला म्हणजे ती व्यक्ती हो म्हणाली असं होत नाही. विडी वळणाऱ्या बायकांच्या दारात तर आधी बसा, बोला, कॅमेरा नंतर. काढलेला फोटो दाखवा. नको म्हणाल्या तर डिलीट करा, त्यांच्यासमोर.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एकाच दिवसात तीन प्रकारचा प्रकाश, सेटिंग काय ठेवायचं?

संक्रांतीच्या सुमारास येताय तर छान. दिवसा नंदीध्वजांची मिरवणूक, मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत, वरती जानेवारीचं स्वच्छ ऊन. कॅमेरा प्रत्येक फ्रेम सरासरी राखाडी समजतो, म्हणून फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तर फोटो मळकट राखाडी येतो, तेव्हा एक्सपोजर +०.७ करा. आणि मागं अंधारी गल्ली असून मध्ये दोन-चार जणच पांढऱ्या कपड्यात असतील तर उलटं होतं, कपडे जळतात, तेव्हा -०.७. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू ठेवा, उजव्या भिंतीला चिकटला की पांढऱ्यातल्या घड्या गेल्या. एडिटमध्ये पांढरं अगदी पेपरसारखं पांढरं करू नका, सकाळी किंचित उबदार, सावलीत किंचित निळसर, मग कापड कापड वाटतं.

रात्री होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. तिथं प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा, ऑटो व्हाईट बॅलन्स प्रत्येक फोटोत वेगळं ठरवतो आणि मालिका लावली की फोटो एका रात्रीचे वाटत नाहीत. एकच ठेवा, ४००० म्हणा, आणि हलवू नका. जांभळ्या-निळ्या एलईडीत चेहरे प्लॅस्टिकसारखे होतात, तो एक रंग पूर्ण जळालेला असतो, एडिटमध्ये त्या रंगाचं सॅच्युरेशन ३०-४० नं खाली घ्या. पाळण्याच्या उजेडाची रेघ हवी तर १ ते २ सेकंद शटर.

शोभेच्या दारूकामाला आयएसओ १००, एफ ८ ते ११, २ ते ४ सेकंद, कॅमेरा पक्का टेकवलेला. फक्त आकाशातला फुलोरा काढला तर तो कुठला पण असू शकतो, खाली माणसांची डोकी, कुणाच्या खांद्यावरचं पोर, हे घ्या. एडिटमध्ये धूर काढून टाकू नका.

प्रीसेट विकत घेऊ का?

नका घेऊ. प्रीसेट म्हणजे दुसऱ्यानं ठरवून ठेवलेली एडिटची सेटिंग, दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा, त्याला नीट दिसतं कारण त्याचे डोळे तसे आहेत. ज्यानं तो बनवला त्याचा प्रकाश वेगळा, कॅमेरा वेगळा, फोटो आधीच कितीतरी उजळ किंवा काळा. टील-ऑरेंज प्रीसेट आपल्या काळ्या मातीवर टाकला की सावल्या हिरव्यानिळ्या होतात, शेत समुद्रासारखं दिसतं.

स्वतःचा बनवा, फुकट आहे. एका जागेचे, एका वेळेचे पाच-सहा फोटो घ्या, एक मनासारखा करा, सेटिंग कॉपी करून बाकीच्यांना लावा आणि प्रत्येकात फक्त एक्सपोजर आणि व्हाईट बॅलन्स जुळवा. स्नॅपसीडमध्ये पण लुक सेव्ह करता येतो. सगळा प्रवास एकसारखा दिसायला एवढं पुरतं.

एडिट केल्यावर माणसं गोरी का होतात? काही जण म्हणतात तसंच छान दिसतं.

नाही, छान दिसत नाही, यावर मी ठाम आहे. ऑरेंजचं ल्युमिनन्स वाढवलं की कातडी उजळते, बहुतेक ब्यूटी फिल्टर आणि बरेच प्रीसेट तेच करतात. उन्हात काम केलेल्या माणसाचा चेहरा तांब्यासारखा चमकतो, कपाळावर, गालाच्या हाडावर उजेडाचा ठिपका असतो, तो त्याचा चेहरा आहे. ल्युमिनन्स उलट थोडं खाली घ्या, रंग खोल होतो, डोळे आणि दात आपोआप उठून दिसतात. सुरकुत्या पुसणारं स्मूदिंग बंद. फोनच्या सेटिंगमध्ये ब्यूटी मोड आपोआप चालू असतो बऱ्याचदा, आधी तो शोधून बंद करा.

नान्नजला माळढोक अभयारण्यात गेलो, नुसतं वाळलेलं गवत. यात मूड कुठून आणू?

त्या गवतातच आहे की सगळं! १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य, सोलापूरपासून साधारण २० किलोमीटर, आणि लोक जंगल समजून जातात, माळरान बघून नाराज होतात. माळढोक आता अतिशय दुर्मिळ झालाय, तो दिसेल या आशेवर फोटोग्राफीचा बेत करू नका, काळवीट बहुधा दिसतात.

सूर्य समोर ठेवा, गवताच्या पलीकडं. प्रत्येक पात्याच्या कडेला उजेडाची रेघ येते आणि मागची टेकाडं धुळीत फिकी होत जातात. काळविटाच्या अंगाभोवती पण तशीच सोनेरी कड येते, चेहरा काळा राहिला तरी शिंगांवरून कळतंच. एक्सपोजर -१. एडिटमध्ये पिवळ्या रंगाची ह्यू (छटा) जराशी केशरीकडं, हिरव्याचं सॅच्युरेशन खाली, आकाश रिकामं ठेवा. फ्रेमचा दोन तृतीयांश भाग रिकामा ठेवायला घाबरू नका, माळ म्हणजे रिकामेपणाच. वाट सोडून आत घुसू नका, ड्रोन नाही, खाणं टाकून जनावर जवळ बोलवायचं नाही, वनखात्याचे नियम विचारून पाळा. फोटोपायी पक्षी घरटं सोडून उठला तर तो फोटो नको.

पंढरपूरला पहाटे चांगलं की संध्याकाळी?

पहाटे. गाव चंद्रभागेच्या पश्चिम काठाला आहे, म्हणजे घाटावर उभं राहिलं की सूर्य नदीपलीकडून वर येतो आणि वाळवंटातली माणसं, होड्या, पताका सगळं छायाचित्रात काळ्या आकारांत येतं. आषाढीला ढग असतात, उजेड मऊ आणि गर्दी प्रचंड. चेहऱ्यांसाठी आषाढी, आकारांसाठी कार्तिकी, असं माझं मत. कार्तिकीला हवा स्वच्छ आणि थंड असते, पाण्यावर कधीकधी धुकं पण असतं. असे काळे आकार (सिल्हूट) एडिट करताना शॅडो शून्यावर आणा आणि आकाशात पट्टे येईपर्यंत ओढू नका. देवळात आत कॅमेरा काढायचा नाही. आणि अंघोळ करणाऱ्यांचे जवळून फोटो घेऊ नका, बाहेरचे लोक हे सर्रास करतात आणि ते फार वाईट आहे.

हत्तरसंग कुडलला आतलं कोरीव काम नीट येत नाही.

भीमा-सीनेच्या संगमावरचं देऊळ, आत अंधार आणि दारातून येणारा एकच उजेड. फ्लॅश समोरून मारला की कोरीवकाम सपाट होतं, कारण सावली दगडाच्या मागं लपते. उजेड बाजूनं पाहिजे. दारातला उजेड खांबावर घासून जातो अशी वेळ बघा, आणि दुसऱ्या बाजूला मित्राला पांढरा कागद किंवा पांढरा टॉवेल धरून उभं करा, सावलीत थोडा उजेड परत येतो. बहुमुखी शिवलिंगावरचे छोटे छोटे चेहरे असेच उठतात. एडिटमध्ये टेक्स्चर +१५-२०, क्लॅरिटी थोडी, सॅच्युरेशन खाली. शार्पनिंग जास्त झालं की दगड वाळूसारखा किरकिरीत दिसतो.

आकाश बदलून टाकलं तर काय बिघडतं?

ॲपमध्ये एका बोटानं होतं म्हणून विचारताय ना. पहिलं म्हणजे जुळत नाही. सावल्या डावीकडं पडल्यात आणि सूर्य पण डावीकडंच लावलाय असं असतं, किंवा तलावात जुनंच आकाश दिसत असतं आणि वरती नवं. दुसरं म्हणजे, तुम्ही प्रवासाचा फोटो म्हणून दाखवताय, बघणारा तिथं जाऊन तेच शोधणार.

उजेड-अंधार कमी-जास्त करणं डार्करूमच्या काळापासून चालत आलंय, प्रिंट काढताना हातानं उजेड अडवून काही भाग फिके, काही गडद करायचेच. ते मला चालतं. वस्तू काढणं-घालणं वेगळं. २०१६ मध्ये स्टीव्ह मॅककरी यांच्यासारख्या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या काही फोटोंत फेरफार झाल्याचं समोर आलं तेव्हा जगभर वाद झाला, त्यांनी आपण व्हिज्युअल स्टोरीटेलर आहोत असं सांगितलं, पण वाचकांना जे वाईट वाटलं ते वाटलंच. लेन्सवरचा धुळीचा ठिपका काढा, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी फोटो काढायच्या आधी हातानं उचला. लग्नाच्या किंवा जाहिरातीच्या फोटोला आकाश बदललं तर माझं काही म्हणणं नाही, ती मागणीच वेगळी.

पावसाळ्यात सोलापूरला यावं का?

यावं, पण कोकणातला पाऊस डोळ्यासमोर ठेवून नाही. इथं सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन आणि संध्याकाळी एका बाजूला काळाकुट्ट ढग चढतो. पाठीवर उतरतं ऊन आणि समोर तो काळा ढग, असा जेव्हा योग येतो तेव्हा साधं ज्वारीचं शेत पण पेटल्यासारखं दिसतं. हे पाचेक मिनिटं टिकतं. विजा सुरू झाल्या की मोकळ्या माळावरून निघा. पाऊस थांबल्यावर नवी पेठेतला ओला रस्ता, दुकानांचे दिवे त्यात उतरलेले, कॅमेरा जमिनीजवळ न्या.

पोलरायझर फिल्टर घ्यायचा तर तो सूर्याशी काटकोनात सगळ्यात जास्त काम करतो. ओल्या पानांवरची चकाकी घालवतो, पण ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब पण घालवतो, तेव्हा तिथं काढून ठेवा.

ब्लॅक अँड व्हाईट कधी करायचं?

रंग काही सांगत नसेल तेव्हा. फोटो जमला नाही म्हणून ब्लॅक अँड व्हाईट करू नका, जमत नाही तो तसा पण जमत नाही. दुपारचं कडक ऊन, तटबंदी, म्हाताऱ्या हातांचा क्लोजअप, याला चांगलं. करताना नुसता सॅच्युरेशन शून्य नको, रंगांचे स्लायडर वापरा: निळा खाली घेतला की आकाश गडद, केशरी खाली की चेहरा गडद.

घरी एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर वेगळाच दिसतो, प्रिंट तर काळी येते.

एडिट करताना फोनचा नाईट लाईट, आय कम्फर्ट वगैरे जे काही पिवळं करतं ते बंद करा, आणि ब्राइटनेस मधोमध ठेवा, ऑटो नको. उन्हात बसून एडिट केलं की फोटो लई उजळ होतो, रात्री पांघरुणात केलं की अंधारा. रात्री केलेलं सकाळी परत बघा आणि मगच पाठवा. एक्सपोर्ट एसआरजीबी (रंगांची एक सेटिंग) मध्ये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि संध्याकाळच्या आकाशात चौकोन चौकोन दिसतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल करूनच टाका.

प्रिंट काळी येते कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागद फेकत नाही. प्रिंटसाठी वेगळी कॉपी करा, एक्सपोजर +०.३ आणि शॅडो थोडे वर. लॅबवाल्याला आधीच सांगा की ऑटो करेक्शन लावू नका, नाहीतर मशीन तुमची संध्याकाळ परत दुपार करून देतं. आधी एक ४ बाय ६ ची काढून बघा, ती दिवसा खिडकीजवळ धरून तपासा, मग मोठी काढा.